सुधाकर नोकरी मागायला जातो तेव्हा

आमच्या घरात काकांच्या पिण्याला नाव नव्हतं. शेजाऱ्यांना ‘तब्येत बरी नाही’ सांगायचं, पाहुण्यांना ‘बाहेरगावी गेलेत’. मोंढ्यावरून कुणीतरी त्यांना गाडीवर आणून सोडायचं. आजी आधी गल्लीकडचं दार लावून घ्यायची आणि मग काकांकडे बघायची. जालन्यातल्या लहानपणातलं मला हेच सगळ्यात जास्त आठवतं: आधी दार, मग माणूस.

‘एकच प्याला’ मला तोवर नावापुरतंच माहीत होतं. सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावं मराठी माणसाला नाटक न वाचताही माहीत असतात. ‘तळीराम’ तर आपण शिवीसारखा वापरतो. बातमीच्या मथळ्यात आणि व्हॉट्सअॅपच्या विनोदातही. गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी येताना ट्रॅव्हल्समध्ये झोप लागेना, म्हणून फोनवर हे नाटक उघडलं आणि जालना येईपर्यंत संपवलं. तेव्हा लक्षात आलं, की आपण हे नाटक गेली शंभर वर्षं अर्धंच लक्षात ठेवलंय.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. लोक रडले, आणि पुढे कित्येक वर्षं रडत राहिले. लक्षात राहिलं ते एवढंच: हुशार वकील, एक प्याला, आणि मग संसाराची राखरांगोळी. नाटकाचं नावच तसं आहे. पहिला घोट घेतला की खेळ खलास, परतीची वाट नाही.

पण वाट आहे, आणि ती गडकऱ्यांनीच दाखवली आहे. सुधाकर मध्येच दारू सोडतो. खरंच सोडतो. मग जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठित लोकांकडे काम मागायला जातो, पडेल ते काम करायची त्याची तयारी असते. ते लोक त्याचा अपमान करतात. दारुड्याला कोण दारात उभं करणार? आणि सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिला प्याला त्यानं वकिलीची सनद गेल्याच्या अपमानातून घेतला होता, दुसऱ्यांदाही अपमानच आडवा आला. दोन प्याल्यांच्या मध्ये उभी असलेली ही माणसं दारू पीत नसतीलही, पण शोकांतिकेत त्यांचा वाटा आहे. माझ्या मते नाटकाचा कणा या प्रवेशात आहे, आणि नेमका तोच आपण विसरलो.

का विसरलो? कारण सुधाकरकडे बघून डोळे पुसता येतात, पण त्या प्रतिष्ठितांकडे बघितलं की आपलाच चेहरा दिसतो.

मला माझा दिसला. मी बारावीत असताना काका महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून परत आले. चेहरा उजळला होता, हात थरथरत नव्हते. आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. ते आले त्या दिवसापासून गल्ल्याची किल्ली बाबांच्या खिशात गेली. कुणी काही बोललं नाही. बँकेत भरणा करायला काका निघाले की मला सोबत पाठवायचे, ‘तुला माहिती पाहिजे बँकेची’ असं सांगून. मी का सोबत आहे हे काकांना माहीत होतं. बोलताना मी जरा जवळ सरकून वास घ्यायचो, तेही त्यांना कळत होतं. आठ महिन्यांनी ते पुन्हा प्यायले, तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘वाटलंच होतं.’

दारू काकांनीच प्यायली, हे मला मान्य आहे. किल्ली हातात असती तर ते प्यायले नसते, असंही मी म्हणत नाही. पण कामावर आमची सिस्टिम बंद पडते, तेव्हा ‘कुणी बिघडवली’ हे विचारायचं नाही, ‘कशी बिघडली’ हे विचारायचं, असा शिरस्ता आहे. एका माणसाला दोष देऊन मिटिंग संपवली, तर तोच बिघाड परत येतो. सर्व्हरला आम्ही जेवढी सवलत देतो, तेवढी काकांना दिली नव्हती.

गडकऱ्यांशी माझं भांडणही आहे, आणि ते सिंधूवरून. ती दळणं दळते, उपाशी राहते आणि शेवटपर्यंत नवऱ्याला दोष लागू देत नाही. नाटक तिची पूजा बांधतं. माझी काकू हीच भूमिका वीस वर्षं करत आलीय: उसने पैसे फेडणं, खोटी कारणं सांगणं, सगळं झाकून नेणं. तिच्या सोसण्यानं काकांचं पिणं एक दिवसही थांबलं नाही, फक्त ते बाहेर दिसलं नाही. तिला कुणी विचारलं नाही, की बाई, तू कशी आहेस?

हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो अनिल अवचटांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’मध्ये. गर्दच्या व्यसनावर अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी. तिथे पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. व्यसन सुटल्याचे वाढदिवस साजरे होतात. घसरलेला माणूस परत आला, तर त्याला पुन्हा आत घेतात. सुधाकरला हवं होतं ते एवढंच. अवचट हे सगळं इतक्या साध्या भाषेत सांगतात, की दारुड्याची गोष्ट वाचतोय हे आपण विसरतो आणि माणसाची गोष्ट वाचू लागतो.

पुस्तकाची मर्यादाही तिथेच आहे. त्यातली माया एवढी मोठी, की व्यसन सुटायला अनिताताईच भेटाव्या लागतात असं वाटू लागतं. मोंढ्यात काम करणाऱ्या माणसाला, भट्टीवरच्या कामगाराला येरवडा लांब पडतो. त्याच्यासाठी १४४४६ हा सरकारी मोफत फोन नंबर आहे, तो सेव्ह करून ठेवा. पण फोन लावायच्या आधी घरात शब्द उच्चारावा लागतो, आणि तिथेच सगळं अडतं.

काकांनी तीन वर्षांपूर्वी पुन्हा सोडली. आजवर टिकलीय. उद्याचं ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. किल्ली अजून बाबांकडेच आहे. या दिवाळीत मी बाबांशी त्यावर बोलणार आहे. काय होईल माहीत नाही.

हा लेख लिहिण्याआधी काकांना फोन करून विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘लिही. फक्त ‘तब्येत बरी नव्हती’ असं लिहू नको.’’