न शिवलेल्या जर्सी

गेल्या हिवाळ्यात चार महिने ओटावाला मुलीकडे होतो. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर, आणि जेवणाच्या टेबलाशी तेरा वर्षांचा नातू वहीत एकच आकार पुन्हा पुन्हा काढत बसलेला. पसरलेल्या दोन बाह्या, खाली सरळ घेर, डाव्या पानावर पुढची बाजू, उजव्या पानावर पाठ. आतले रंग मात्र दर वेळी निराळे. ''शाळेचं काम का रे?'' विचारले, तर म्हणाला, ''नाही आबा, सेनेटर्सची जर्सी आहे.'' ''अशी असते होय त्यांची?'' ''अशी नाहीये. अशी असायला पाहिजे.''

मी चाळीस वर्षे मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे केली. 'अशी असायला पाहिजे' हे वाक्य मी प्रकाशकांकडून, लेखकांकडून आणि क्वचित लेखकांच्या मेहुण्यांकडूनही ऐकलेले आहे. पण कुणी सांगितलेले नसताना, कुणी पैसे देणार नसताना, आपल्याला आवडणाऱ्या संघाचा वेष नव्याने काढत बसायचे, ही गोष्ट मला नवी होती. मग कळले, की हा एकट्या नातवाचा छंद नव्हे. उत्तर अमेरिकेत आइस हॉकीच्या चाहत्यांनी काढलेल्या अशा 'कॉन्सेप्ट जर्सी' हा एक स्वतंत्र चित्रप्रकारच आहे. त्याला संकेत आहेत, घराणी आहेत, खवचट परीक्षक आहेत. त्या चार महिन्यांत मी अशी काही शे चित्रे पाहिली. ही चित्रे म्हणजे काय, ती कुठे सरस ठरतात आणि कुठे फसतात, याचा हा शोध.

स्वेटर नावाची वस्तू

आधी मूळ वस्तूबद्दल. कॅनडातली जुनी माणसे जर्सीला अजून 'स्वेटर'च म्हणतात, कारण एके काळी ती खरोखर लोकरीची असे. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा लाल अंगावर निळा आडवा पट्टा आणि त्यावर 'सी'च्या पोटातला 'एच', हे रूप शतकभरात फारसे हललेले नाही. या स्वेटरवर क्वेबेकचे लेखक रॉश कॅरिए यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेली कथा कॅनडात घरोघरी माहीत आहे; पुढच्याच वर्षी तिच्यावर अॅनिमेशनपटही निघाला. खेड्यातली सगळी मुले मोरिस रिशारच्या नऊ नंबरचा मॉन्ट्रियलचा स्वेटर घालून खेळतात. एका मुलाचा स्वेटर आखूड होतो, आई टपालाने नवा मागवते आणि पाकिटातून निघतो तो प्रतिस्पर्धी टोरोंटोचा निळा, मेपलचे पान असलेला. आई तो परत पाठवायला तयार नाही. दुकानदाराला वाईट वाटेल. शेवटी तो मुलगा चर्चमध्ये देवाकडे मागणे मागतो, ते या स्वेटरला कसर लागू दे म्हणून.

या कथेचा विषय वरवर खेळ आहे, आतून भाषा आणि जात-जमात आहे. फ्रेंच खेड्यात इंग्रजी शहराचा रंग अंगावर चढवला की तुम्ही परके. माझ्या दृष्टीने कॉन्सेप्ट जर्सीचे सगळे मूळ त्या कसर लागण्याच्या प्रार्थनेत आहे. जो वेष माझा म्हणून माझ्या अंगावर टाकला गेला, तो माझा नाही. मग माझा कोणता? त्या मुलाजवळ प्रार्थनेखेरीज काही नव्हते. माझ्या नातवाजवळ रंगीत पेन्सिली आहेत.

काठ, पदर, अंग

आता रूपाविषयी. मला ही चित्रे वाचता येऊ लागली ती साडीमुळे. जर्सीला अंग असते, खाली काठ असतो, बाह्यांवर त्याच काठाची पुनरुक्ती असते, आणि छातीवरचे बोधचिन्ह म्हणजे पदर: सगळे वैभव तिथे. चांगल्या साडीत काठ आणि अंग एकमेकांशी बोलतात. चांगल्या जर्सीतही तसेच. नवशिक्या चाहत्याची पहिली चूक ठरलेली असते. तो पदरावर, म्हणजे बोधचिन्हावर, सगळी शक्ती खर्च करतो आणि काठ उरकून टाकतो.

दुसरी चूक अधिक खोल आहे. ही सगळी चित्रे सपाट असतात. एकाच साच्यावर, हात पसरून भिंतीला टांगल्यासारखी जर्सी. पण बर्फावर ती तशी कधीच दिसत नाही. खेळाडू सदैव वाकलेला असतो. खांद्यांवर, कोपरांवर जाड पॅड असतात, मनगट हातमोज्यात जाते, खालच्या काठाला घड्या पडतात. मारामारीत कुणी जर्सी डोक्यावरून ओढू नये म्हणून आतून एक पट्टा पँटला अडकवलेला असतो, तो पाठीला ताण देतो. अशा शरीरावर प्रेक्षकाला लांबून दिसतात ते कोपराजवळचे पट्टे, खांदे आणि पाठीवरचा आकडा. छातीवरचे नाजूक काम वाहून जाते. मुखपृष्ठवाल्याला ही अडचण चांगली कळते: आम्हीही टेबलावर सपाट चित्र करतो, आणि पुस्तक दुकानात उभे राहते तेव्हा दिसतो तो फक्त कणा.

तिसरा दोष अर्थ चिकटवण्याचा. तो चाहत्यांनी संघांकडूनच उचलला. टोरोंटोने 2016 साली आपले पान नव्याने काढले. त्याला 31 टोके, कारण त्यांचे जुने क्रीडागृह 1931 सालचे. 17 शिरा, कारण संघ 1917 सालचा. वरच्या भागातल्या 13 शिरा म्हणजे जिंकलेले 13 स्टॅनली कप. पान देखणे आहे, यात शंका नाही. पण ते देखणे आहे त्याचे कारण शिरांची मोजदाद नव्हे. चाहत्यांनी मात्र मोजदाद तेवढी घेतली. आता प्रत्येक पट्ट्याखाली खुलासा असतो: ही रेघ नदीची, ही पुलाची, ही अमुक साली हरलेल्या अंतिम सामन्याची. कवितेखाली कवीनेच भावार्थ लिहावा तसे. जो अर्थ सांगितल्याशिवाय पोचत नाही, तो अजून कापडात उतरलेला नाही.

गेलेल्या संघांचे श्राद्ध

तरीही हा प्रकार मला नुसता हौशी वाटेना. कारण यातली उत्तम चित्रे बहुतेक वेळा अस्तित्वात नसलेल्या संघांची निघाली.

उत्तर अमेरिकेत संघ हा मालकाचा असतो, गावाचा नसतो. मालकाने ठरवले की तो उठून दुसऱ्या गावी जातो. क्वेबेक नॉर्डिक्स 1995 साली कोलोराडोला गेले आणि दुःखावर डाग म्हणजे नव्या नावाने पहिल्याच हंगामात, 1996 मध्ये, स्टॅनली कप जिंकले. जाण्याआधी त्यांच्यासाठी हस्की कुत्र्याचे बोधचिन्ह असलेला नवा वेष ठरत होता; तो कुणीच घातला नाही. हार्टफर्ड व्हेलर्स 1997 साली नॉर्थ कॅरोलायनाला गेले. त्यांचे बोधचिन्ह पीटर गुड यांनी 1979 साली केले होते: खाली 'डब्ल्यू', वर देवमाशाची शेपटी आणि दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत हार्टफर्डचा 'एच'. मी हे चिन्ह कितीतरी वेळ बघत बसलो. गावाचे आद्याक्षर शाईने काढलेलेच नाही, ते उरलेल्या जागेत आहे. संघ गेल्यावर गावाचेही नेमके तसेच झाले.

या दोन संघांच्या नव्या जर्सी चाहते अजून काढतात. आज नॉर्डिक्स असते तर पाहुणे म्हणून काय घालते, व्हेलर्सचा हिवाळ्यातल्या उघड्या मैदानावरच्या सामन्याचा वेष कसा असता. ही चित्रे पाहताना मला श्राद्धाचे पान आठवते. गेलेल्या माणसाच्या आवडीचे वाढून ठेवायचे, आणि कावळा शिवायची वाट बघायची. कोलोराडोने 2020-21 च्या हंगामात नॉर्डिक्सच्या धर्तीची जर्सी आपल्या रंगांत काढली. कॅरोलायना 2018 च्या डिसेंबरात व्हेलर्सच्या हिरव्या वेषात खेळली. कावळा शिवला, पण पान ज्यांनी वाढले त्यांच्या अंगणात नव्हे.

चाहत्यांची अभिरुची

इथे प्रेमाने वाहवत जायचे नाही, म्हणून उलट बाजूही मांडतो. चाहते बहुतांशी जुनाटपणाचे भोक्ते असतात. शंभर चित्रांतली साठ-सत्तर तरी जुन्या लोकरी स्वेटरची स्वप्ने: सायीसारखा पांढरा, गळ्याला नाडी, जाड आडवे पट्टे. सगळे सुरेख, आणि सगळे एकसारखे.

न्यूयॉर्क आयलंडर्सने 1995 साली आपला नकाशाचा शिक्का टाकून काठी धरलेला दाढीवाला कोळी छातीवर आणला, पट्टे लाटांसारखे वळवले. प्रतिस्पर्धी प्रेक्षकांनी माशांच्या तळलेल्या तुकड्यांच्या नावाने घोषणा देऊन त्याची चामडी लोळवली. दोन वर्षांत कोळी गेला. पण 2022 मध्ये तोच कोळी खास आवृत्तीत परत आला आणि लोकांनी हौसेने घेतला. वेडावाकडा असला तरी तो कुणाची नक्कल नव्हता. चाहत्यांच्या मतावर सगळे सोडले असते, तर तो कोळी जन्मालाच आला नसता. सुरुचीने चुका टळतात. नवे काही घडेलच याची हमी मिळत नाही.

म्हणून मला सगळ्यांत जिवंत वाटली ती कोऱ्या जागेवरची चित्रे. महिलांची व्यावसायिक लीग 1 जानेवारी 2024 ला सुरू झाली तेव्हा सहा संघांना नावेही नव्हती, बोधचिन्हेही नव्हती. जर्सीवर तिरप्या अक्षरांत फक्त शहराचे नाव. युटाचा पुरुष संघही 2024-25 चा पहिला हंगाम असाच खेळला. जुने काही आठवायला नाही, म्हटल्यावर चाहत्यांना शोधावे लागले. हे गाव कशाचे? बर्फाचे, मिठाचे, नदीचे, की इथे राबणाऱ्या माणसांचे? ज्या चित्रांनी हा प्रश्न खरोखर विचारला, त्यांत रेघ थरथरते, पण ती स्वतःची आहे.

कुणाचे काय

शेवटचा प्रश्न हक्काचा. तरुणपणी माझे एक नाकारलेले मुखपृष्ठ दोन वर्षांनी दुसऱ्याच पुस्तकावर, माझ्या नावाशिवाय छापून आले होते. मी गप्प बसलो. पुढची कामे हवी होती. त्यामुळे या चित्रांकडे बघताना माझा हात आपोआप खिशावर जातो. चाहत्याचे चित्र उभे असते संघाच्या चिन्हावर, आणि ते चिन्ह संघाच्या मालकीचे. म्हणजे चाहत्याने ओतलेले डोके त्याचे, पण ज्या भांड्यात ओतले ते दुसऱ्याचे.

क्वचित दार उघडते. ओटावाची 2011 सालची खास जर्सी, काळ्या अंगावर तांबडे आणि साय-पांढरे आडवे पट्टे आणि छातीवर एकच 'ओ', ही मुळात एका चाहत्याची कल्पना होती. ते पट्टे जुन्या ओटावा संघाचे, जो 1934 साली गाव सोडून गेला होता. आजचा संघ 1992 सालचा, म्हणजे नाव तेच, देह दुसरा. मधली जवळजवळ साठ वर्षे गावाने ते पट्टे आठवणीत सांभाळले आणि एका चाहत्याने ते परत कापडावर आणले. कॉन्सेप्ट जर्सीच्या बाजूने एवढा एक दाखला मला पुरेसा आहे. ही समीक्षा आहे. मूळ कृतीवर प्रेम असल्याखेरीज न होणारी, आणि मालकाच्या परवानगीची वाट न बघणारी.

निघायच्या आदल्या रात्री मी नातवाला दोनच गोष्टी सांगितल्या. पट्टे कोपराजवळ आण, आणि चित्र एकदा वाकलेल्या माणसावर काढून बघ. त्याने अर्धा तास खटपट केली. पहिल्यांदाच त्याच्या जर्सीत माणूस आला. वाकडा, एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब, पण धावणारा. मग त्याने कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिले. मला वाटले संघाचे नाव असेल. चष्मा लावून पाहिले, तर त्याने स्वतःचे नाव लिहिले होते. माझ्या पहिल्या वीस मुखपृष्ठांवर ते नाही.