उत्तर सापडले, उतारा समजला का?

पुढील वाक्य वाचा. ‘काल सायंकाळी एका लोंबटाने तीन पिवळी झुरंगे टिमकावली.’ आता प्रश्न. झुरंगे कोणी टिमकावली? किती? कोणत्या रंगाची? केव्हा? चारही उत्तरे तुम्ही बिनचूक द्याल. चारपैकी चार गुण! मात्र लोंबट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही, हे शब्द आत्ताच बनवले आहेत.

आमच्या सातारा-सांगलीकडे मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी उतारा अनेकदा असाच सोडवला जातो. मुलगा प्रश्नातला एखादा शब्द हेरतो, तो उताऱ्यात शोधतो आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवतो. आपण त्यावर बरोबरची खूण करतो. यात मुलाची लबाडी नाही. अर्थ न कळताही उत्तर देता येईल, असा प्रश्न आपणच विचारलेला असतो.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. पाठांतरावरचा भर कमी व्हावा म्हणून मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेपासून नव्या अभ्यासक्रमाची कृतिपत्रिका आली. पुढे ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश यांना मिळून १५, तर लेखनकौशल्याला २० गुण ठेवले गेले. तक्त्यातली माहिती वाक्यांत मांडणे किंवा वाक्यांतली माहिती तक्त्यात भरणे, हा प्रकारही त्यात आला. हे पाऊल योग्यच होते. विज्ञान शिकवणाऱ्याला तर ते विशेष आवडावे. परंतु प्रश्नाचे रूप बदलले म्हणून सवय बदलत नाही. चौकटी भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर ते सांगा, ही कामेही शब्द हेरून उरकता येतात. वर्णनासाठी आणि पत्रासाठी तयार साचे मार्गदर्शकांत मिळतातच.

या बाबतीत जुन्या तर्खडकर भाषांतर पाठमालेची आठवण होते. भाषांतराच्या पद्धतीने मुले इंग्रजी बोलू लागत नसत, हा आक्षेप खरा आहे. पण वाक्य मराठीत आणायचे म्हणजे ते समजून घेणे भाग पडे. ती पद्धत सोडताना हा गुणही आपण सोडून दिला. ‘असर’च्या पाहणीत साधे इंग्रजी वाक्य वाचणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ त्याच्याच भाषेत विचारतात, आणि वाचणे व समजणे यांची मोजणी वेगवेगळी करतात. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या २४.५ टक्के आणि आठवीच्या ४६.७ टक्के मुलांना अशी वाक्ये नुसती वाचता आली. समजण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

मग प्रश्न कसा असावा? आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथे हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदलेली असत. तोंड अरुंद, आत पोट मोठे. हळद भरली की तोंड बंद करून वर माती लोटायची. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. ते बराच वेळ उघडे ठेवीत आणि आत दिवा सोडून पाहत. एवढी माहिती आठ-दहा सोप्या इंग्रजी वाक्यांत फळ्यावर लिहा.

‘पेवात काय साठवत?’ हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्याचे उत्तर एका शब्दात सापडते. आता असे विचारा : माणूस लगेच का उतरत नसे? दिवा विझला तर त्यावरून काय समजायचे? तोंड रुंद असते तर काय बिघडले असते? ही उत्तरे कोणत्याही एका वाक्यात लिहिलेली नाहीत. बंद पेवातील कीटक आणि सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरतात व कार्बन डायऑक्साइड साचतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेले येथे जोडावे लागते. (दिवा जळत राहिला म्हणजे धोका नाहीच, असे मात्र नाही, हेही मुलांना सांगा.) उत्तर प्रथम मराठीत आले तरी चालेल. समज आधी, इंग्रजी वाक्य नंतर.

वर्णनलेखनाचीही अशीच गत आहे. झाड असो, किल्ला असो की बाजार, मुले लिहितात : ‘इट इज व्हेरी ब्यूटिफुल.’ पाहिलेच नाही, तर लिहिणार काय? मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मेण वितळून होणारी वाटी, वातीतून वर चढणारे मेण, ज्योतीचा आकार यांकडे त्यांनी मुलांचे लक्ष वेधले. भाषेच्या तासालाही हीच वाट धरता येईल.

एक प्रयोग करून पाहा. आंबा, जांभूळ, पेरू, सीताफळ आणि चिकू यांची प्रत्येकी एकेक पाने टेबलावर ठेवा. एका मुलाने त्यातील एका पानाचे, नाव न सांगता, पाच इंग्रजी वाक्यांत वर्णन लिहायचे. दुसऱ्याने ते वाचून पान उचलायचे. ‘हिरवे आणि सुंदर’ एवढ्यावरून कोणतेच पान सापडणार नाही. मग कड, टोक, देठ, शीर यांचे इंग्रजी शब्द मुले स्वतःहून मागतील. पेरूच्या पानामागे शिरा उठून दिसतात, जांभळाचे पान चकचकीत असते, हे त्यांना लिहावेसे वाटेल. चुकीचे पान उचलले गेले, तर चूक लिहिण्यात झाली की वाचण्यात, हे दोघांनी मिळून शोधावे. आकलन आणि वर्णन यांची परीक्षा एकाच वेळी होते आणि लाल शाईची गरज फारशी पडत नाही.

वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम संपवायची घाई, शिवाय ‘माझेच इंग्रजी बेताचे’ ही शिक्षकाची अडचण; या तक्रारी खोट्या नाहीत. पण पंधरा दिवसांतून एक तास पुरे. इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी तो मिळून घ्यावा.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलगी अकरावीच्या विज्ञान शाखेत जाते आणि भौतिकशास्त्राचे सारे पुस्तक इंग्रजीत समोर येते. तेथे कोणी उताऱ्याखाली प्रश्न देत नाही. परिच्छेद आपला आपणच समजून घ्यावा लागतो. तो समजत नाही तेव्हा तिला वाटते, आपले डोकेच विज्ञानाचे नाही. पुष्कळदा ते खरे नसते. तिला शब्द शोधायला शिकवले होते, वाचायला शिकवायचे राहून गेले होते.