‘भेसळ’ शब्दाने होणारी दिशाभूल

अतिसंवाहकतेवरील व्याख्यानांत व लेखांत ‘डोपिंग म्हणजे भेसळ’ हे वाक्य ठरलेले असते. मग फळ्यावर सिलिकॉनची आकृती निघते, एका अणूच्या जागी फॉस्फरस येतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. अर्धसंवाहकांपुरते हे ठीक. परंतु लोहाधारित अतिसंवाहकांसाठीही हीच आकृती पुढे केली जाते, यास आमचा आक्षेप आहे.

आधी प्रमाण पाहू. सिलिकॉनमध्ये दहा लाखांत एखादा परका अणू पुरतो. बेरियम, लोह व आर्सेनिक यांच्या संयुगात मात्र दहापैकी चार बेरियम अणूंच्या जागी पोटॅशियम घातले, तेव्हा २००८ साली ३८ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. लालबागच्या मसाला गल्लीत याला कोणी भेसळ म्हणणार नाही. हा मसालाच निराळा!

खरी चूक पुढे आहे. मूळ संयुग धातूसारखे वाहकच आहे. त्याला उसने इलेक्ट्रॉन नकोत. अडचण चुंबकत्वाची आहे. सुमारे १४० केल्विनखाली त्यातील लोहअणूंचे चुंबकत्व शिस्तीत मांडले जाते. इलेक्ट्रॉनांच्या संवेगाचा नकाशा काढला तर मध्यभागी ‘होल’ची व कोपऱ्यांशी इलेक्ट्रॉनांची बेटे दिसतात. त्यांचे आकार जवळजवळ जुळतात आणि पुष्कळ संशोधकांच्या मते हे जुळणेच चुंबकत्वाला पोसते. पोटॅशियम इलेक्ट्रॉन कमी करते. मधली बेटे फुगतात, कोपऱ्यांतली आक्रसतात, जुळणी बिघडते. चुंबकत्व हटते व अतिसंवाहकता येते. मात्र सगळेच बेरियम काढून पोटॅशियम भरले, तर कोपऱ्यांतली इलेक्ट्रॉन-बेटे नाहीशी होतात आणि संक्रमण-तापमान चारएक केल्विनवर घसरते.

आता आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस घाला. दोन्ही एकाच गणातले. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन देणारा हा फॉस्फरस इथे एकही जादा इलेक्ट्रॉन देत नाही. तो आकाराने लहान, म्हणून जालक आकसते, बेटांचे आकार बदलतात आणि सुमारे ३० केल्विनला अतिसंवाहकता मिळते. फळ्यावरच्या त्या आकृतीत याचे उत्तर कुठे आहे?

हे नकाशे काल्पनिक नाहीत. स्फटिकावर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या कुळातील संयुगांवर असे काम झाले आहे. मुळात हा बारावीतला प्रकाशविद्युत परिणामच. दादर-गिरगावच्या वर्गांत तो अर्धसंवाहकांच्या आधी शिकवून होतो. दोहोंची गाठ घालून देणारे व्याख्यान मात्र आमच्या अद्याप ऐकण्यात नाही.