गोधडीचं पोट

ही गोधडी वाचायची तर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी लागते, कारण सुई तिथून निघाली. त्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढी एक गाठ आहे, तीन पदरी लाल दोऱ्याची. गाठीभोवती पुसटसा पिवळा डाग आहे, तो हळदीचा. 2011 च्या दिवाळीनंतर, लिंबायतच्या आमच्या घराच्या ओट्यावर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, सुईला हळदीचं बोट लावून हा पहिला टाका घातला. गोधडी अजून पुरी झालेली नाही. मधली कितीतरी वर्षं ती माळ्यावर घडी घालून पडून होती. गेल्या पावसाळ्यानंतर मी ती खाली काढली, आणि तेव्हापासून तिच्यावर बसून आहे. गोधडी शिवणारी बाई गोधडीवरच बसते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला आधी 1664 आणि 1670 ही सालं आठवतात. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागात राहणाऱ्या आम्हा खानदेशी लोकांना आधी गाडी आठवते. उधना-जळगाव मार्गावरून अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबारकडची माणसं पिढ्यान् पिढ्या इथे लूम चालवायला येत राहिली. तापीही त्याच वाटेने येते. सासरे बारा तासांच्या पाळीत लूमवर उभे राहायचे. आत्याबाई घरी बसून साडीला लेस लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या, धागा कटिंग करायच्या. गावाकडून त्या दोन लुगडी आणि एक धोतर घेऊन आल्या होत्या, आणि या शहराने त्यांना चिंध्या दिल्या. त्या दोन्हींचा मेळ म्हणजे ही गोधडी.

तिचा तळ हिरव्या लुगड्याचा आहे. त्यावर सासऱ्यांच्या धोतराचा थर, मग आणखी एक फाटकं लुगडं, आणि सगळ्यांत वर चिंध्या. तळाचं लुगडं इतकं धुतलं गेलंय की गालाला लावलं तर कापड लागल्यासारखं वाटत नाही. वरचा भाग मात्र सुरती आहे. जॉर्जेटचे तुकडे, एका साडीचा जरीचा काठ, महापालिकेच्या मराठी शाळेतल्या गणवेशाचा निळा खिसा. जॉर्जेट गोधडीला मुळात नकोसं कापड. ते सुईखाली सरकतं, कडेने दशा सुटतात, घाम शोषत नाही. अशा प्रत्येक तुकड्याच्या कडा आत्याबाईंनी दुहेरी दुमडल्यात आणि त्याच्या पोटाशी सुती चिंधीचं अस्तर दिलंय. वरून हे दिसत नाही. बोटाला मात्र कळतं, की चकचकीत तुकड्यांखाली गोधडी जरा जाड आहे. ज्या कापडाने त्यांचं घर चाललं त्याला त्यांनी गोधडीत जागा दिली, पण अंगाशी सुतीच ठेवलं. मला ही त्यांची सगळ्यांत मोठी समज वाटते.

आता धावदोऱ्याकडे यावं. सुई कोपऱ्यातून निघते, काठाकाठाने चारी बाजू फिरून परत कोपऱ्याशी येते, आणि मग एक बोट आत सरकून दुसरी फेरी धरते. अशी चौफेर फिरत फिरत ती मध्यापर्यंत जाते. या मध्याला आमच्याकडे पोट म्हणतात. ते शिवून बंद करण्याआधी त्यात भाकरीचा चिमूटभर तुकडा आणि चार तांदूळ ठेवायचे. "गोधडीनं पोट उपाशी ठेवू नको," असं आत्याबाई अहिराणीत सांगतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच कडेकडून आत शिवत नेतात, आणि कोपऱ्यांना फुला नावाची दुमडलेल्या चिंधीची त्रिकोणी टोकं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. गोधडी संपली हे ठरवण्याची प्रत्येकीची आपली खूण असते. आमची खूण पोटात आहे, म्हणून आमची गोधडी अर्धी राहिली की उपाशी राहते.

पहिल्या सात फेऱ्या मी कितीदा पाहिल्या असतील, सांगता येणार नाही. एका वितीत अठ्ठावीस टाके. टाका जेवढा वर, तेवढाच खाली. गोधडी साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे, म्हणजे पहिल्या फेरीतच आठशेच्या वर टाके पडले. कोपऱ्यावर वळताना बहुतेक जणी टाका तिरका घेतात, वळण गोल करतात. आत्याबाई कोपऱ्याच्या टोकापर्यंत जातात, तिथे एक उलटा टाका देतात आणि मगच वळतात. त्यामुळे सातही फेऱ्यांचे कोपरे एकात एक ठेवलेल्या चौकटींसारखे धारदार दिसतात. हे काम दिवसाच्या उजेडात, आणि मन दुसरीकडे नसताना झालेलं आहे.

आठव्या फेरीपासून दोऱ्याचे रंग बदलतात. राणी, पोपटी, मध्येच मोरपंखी. लेसच्या कामातून उरलेल्या रिळांचा हा दोरा. त्या दिवसांत कुठल्या रंगाचा माल घरी आला होता, त्याची नोंद आपोआप गोधडीत राहिलीय. टाकाही लांबतो. वितीत बावीस, कुठे वीस. कोपऱ्यावरचा उलटा टाका एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. रात्री जेवणं उरकल्यावर, दिवसभर साड्या हाताळून दुखणाऱ्या बोटांनी घातलेले हे टाके. मी त्यांना वाकडे म्हणणार नाही. पहिल्या सात फेऱ्यांची सफाई सगळ्यांना आवडते, पण या पुढच्या सात फेऱ्या नसत्या तर ती सफाई कुठल्या आयुष्यातून काढलेली आहे हे कळलंच नसतं. चौदाव्या फेरीवर एक तपकिरी रेघ आहे. मिठी खाडीचं पाणी घरात आलं होतं, त्याची.

पंधरा ते एकवीस या सात फेऱ्या 2020 च्या टाळेबंदीतल्या. लूम बंद. गल्लीत दिवसरात्र चालणारा तो खटखट आवाजच नाही. साड्यांचं काम नाही, दुकानं बंद, रीळ मिळेना. तेव्हा सासऱ्यांनी कधीतरी लूमवरून आणून ठेवलेलं पॉलिस्टरचं सूत निघालं. आत्याबाईंनी ते चार पदरी घेऊन मांडीवर पीळ दिला आणि ओवलं. या दोऱ्याला बारीक चमक आहे. तो तुटत नाही, कुजत नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. जुन्या सुती कापडात तो ताठ ओढला तर काही वर्षांनी कापडच कापतो. आत्याबाईंनी हे ओळखलं होतं. या सात फेऱ्यांत टाका सैल आहे, नखाने उचलला तर किंचित वर येतो. आधी वाटायचं, वयामुळे हात सुटला. मग उलट बाजू पाहिली. तिथेही टाका तेवढाच सैल, अगदी एकसारखा सैल. सुटलेल्या हाताचा सैलपणा असा एकसारखा नसतो. नवं सूत हातात आल्यावर पासष्टीतल्या बाईने आयुष्यभराचा ताण मोडून दुसरा धरला. मला विचाराल तर या गोधडीतलं सगळ्यांत जाणतं काम हेच आहे.

उलट बाजूचा विषय निघाला म्हणून सांगते. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि चिंध्या जोडणाऱ्या हातांना कलावंताचा मान मिळाला. तो मान त्यांच्या हक्काचाच होता. पण भिंतीवर लागलेल्या गोधडीची पाठ दिसत नाही, आणि शिवणारीचा हात वाचायचा तर पाठच पाहावी लागते. वरून चिंध्यांचे रंग बोलतात. पाठीवर एकरंगी लुगडं असतं, त्यावर नुसता टाका उरतो.

बाविसावी फेरी चौथ्या बाजूपर्यंत येते आणि कोपऱ्याच्या चौदा बोटं अलीकडे थांबते. शेवटचे पाच-सहा टाके एका ओळीत नाहीत. तिथे सुई टोचलेलीच राहिली होती, तिच्या गंजाचा ठिपका लुगड्यावर आहे. मोतीबिंदू पिकला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण नजर शिवण्याजोगी राहिली नाही. गोधडी माळ्यावर गेली.

भरूच इथून जवळ. तिथली सुजनी मागावर विणली जाते. दुहेरी कापडाचे कप्पे विणतानाच त्यांत कापूस भरत जातात, सुई लागतच नाही. ती अर्धी राहिली तर माग अडून राहतो आणि पुढचं काम थांबतं, त्यामुळे ती पुरी करावीच लागते. गोधडी कुणाला अडवत नाही. तिची घडी होते, ती माळ्यावर मावते, आणि घरातल्या दुसऱ्या प्रत्येक कामाला वाट देते. शिवणारी बाईही बहुतेक तशीच असते. म्हणून घरोघरी माळ्यावर अर्ध्या गोधड्या असतात.

खाली काढली तेव्हा मी पट्टी घेऊन मापलं. फेऱ्या पाऊण इंचाच्या अंतराने आहेत, म्हणजे एकूण छत्तीस लागणार. बावीस झाल्या, चौदा उरल्या. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण मधला उघडा भाग एकवीस इंच रुंद आणि पावणेचार फूट लांब एवढाच होता, सगळ्या गोधडीच्या पावहिश्शाहूनही कमी. पहिली फेरी बावीस फुटांची होती, मला घालायची पहिली फेरी अकरा फुटांची. पुढची प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा सहा इंचांनी लहान. गोधडी जसजशी आत जाते तसतशी शिवणारीला सोपी होत जाते, हे त्या चौफेर शिवण्यातलं देणं आहे. मात्र अडचणही आतच आहे. कडेकडून येणारा प्रत्येक टाका थरांतली ढिलाई मध्याकडे ढकलतो आणि पोटाशी कापडाचा फुगा जमतो. आत्याबाईंनी आधीच मधोमध कच्च्या दोऱ्याचं टाचण घालून ठेवलंय, लांब लांब, फुलीच्या आकारात. त्यामुळे फुगा एका जागी न येता चार ठिकाणी वाटला गेला. 2011 मध्ये घातलेलं ते टाचण आज माझ्या कामी येतंय.

एक चूक मी केली, तीही या वाचनाचाच भाग आहे. बाविसाव्या फेरीतले ते शेवटचे ओळ सोडलेले टाके मला बरे दिसेनात. मी ते उसवले आणि मोजून मापून सरळ घातले. दुपारी आत्याबाई शेजारी येऊन बसल्या आणि सवयीने फेरीवरून बोट फिरवू लागल्या. पाठीवरून, डोळे मिटून. बोट चालत राहिलं आणि बरोबर तिथे थांबलं.

"आठे कोना हात शे?"

इथे कुणाचा हात आहे. मी म्हटलं, माझा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुझा आहे तर तुझ्यासारखा घाल, माझ्यासारखा कशाला घालतेस. मग बोट पुन्हा मागे नेऊन त्यांनी गंजाचा ठिपका शोधला आणि त्यावर नख ठेवलं. मी तिथून पुढे शिवायचं होतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

ते उसवलेले टाके आता परत येणार नाहीत. गोधडीतली ती जागा माझ्यामुळे मुकी झाली. तिच्या इतक्या वर्षांच्या कामात एवढीच एक जागा खोटी आहे.

तेविसाव्या फेरीपासून माझा टाका माझाच आहे. वितीत सोळा-सतरा, पांढऱ्या सुती दोऱ्याचा, वळणावर गोल. आत्याबाईंच्या फेऱ्यांशेजारी तो ओबडधोबड दिसतो आणि दिसू दे. काम तासाच्या हिशेबाने होत नाही. कुकर लावल्यापासून तो उतरेपर्यंत एक बाजू होते, मुलं शिकवणीला गेली की दुसरी. एकेक फेरी संपली की त्या पाठीवरून बोट फिरवतात, आणि आता बोट थांबत नाही. काल सव्विसावी फेरी संपली. मध्ये पंधरा इंच रुंद आणि सव्वातीन फूट लांब एवढी जागा राहिली आहे. पोटावर लावायची चिंधी त्यांनी स्वतः निवडून ठेवलीय, सासऱ्यांच्या धोतराच्या किनारीची, लाल रेघेची.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी गोधडी असेल तर खाली काढा. आधी उलटी पसरा आणि पहिली गाठ शोधा. तिथून फेरीफेरीने बोट फिरवत आत या. टाका वाकडा लागला तरी उसवू नका. दोरा जिथे सुटलेला सापडेल, तिथेच आपला दोरा ओवा.