यानावरची गर्दी

काल्पनिक अंतराळयानांची मॉडेलं बांधणाऱ्या हौशी मंडळींची सफाई आज जितकी आहे तितकी पूर्वी कधीच नव्हती. रेझिन प्रिंटर घरोघरी पोचला, एअरब्रश आवाक्यात आला. तरीही यातली बरीचशी यानं बघून डोळे थकतात, मन रमत नाही. दोष हाताचा नाही, मांडणीचा आहे.

रणगाडे, विमानं, मोटारींच्या किटमधले सुटे भाग भलतीकडेच चिकटवून यान उभं करायचं, याला किटबॅशिंग म्हणतात. ही मुळात सिनेमावाल्यांनी काढलेली सोय. ब्रिटनमध्ये ‘थंडरबर्ड्‌स’साठी डेरेक मेडिंग्जने ती वापरली, आणि १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने जगभर नेली. तिथल्या कारागिरांनी हासेगावा कंपनीच्या ‘लिओपोल्ड’ या जर्मन रेल्वे-तोफेच्या किटचा अक्षरशः फडशा पाडला. या उसन्या भागांचा फायदा असा, की खऱ्या यंत्राचा प्रत्येक खाचखळगा कशासाठी तरी असतो. तो कशासाठी हे प्रेक्षकाला कळलं नाही तरी त्याचा विश्वास बसतो.

पण नुसते भाग चिकटवून भागत नाही. त्या सिनेमाच्या सुरुवातीला डोक्यावरून सरकत जाणारं स्टार डिस्ट्रॉयर आठवा. मॉडेल जेमतेम तीन फुटांचं, पडद्यावर मात्र संपता संपत नाही. त्याचे मोठे उतरते पृष्ठभाग बरेचसे शांत ठेवलेत. खरी गर्दी कडेच्या अरुंद खाचेत आणि मागच्या मनोऱ्यावर. त्या मोकळ्या पठारामुळेच खाचेतले दाणे इमारतींएवढे वाटतात. आजचा हौशी कलावंत नेमकं हे पठार भरून टाकतो. प्रिंटरवर शंभर तुकडे फुकटात निघतात, मग हात आवरणार कोण? तरी दोष प्रिंटरचा म्हणता येणार नाही. ‘द मँडलोरियन’साठी जॉन गुडसनने बांधलेल्या रेझर क्रेस्टमध्ये प्रिंट केलेले भागही आहेत, आणि ते यान डौलदार दिसतं.

दुसरा पंथ प्रतिकृतीवाल्यांचा. मूळ मॉडेलवर कुठल्या किटचा कुठला भाग होता हे हुडकायचं, ती जुनी किटं वाटेल त्या किमतीला घ्यायची. चिकाटीला सलाम, पण हे जतन झालं, निर्मिती नव्हे. ‘स्टार वॉर्स’चं मूळ एक्स-विंग मॉडेल २०२३मध्ये लिलावात ३१ लाख डॉलरवर गेलं, तेव्हा या पंथाला आणखीच जोर चढला.

रंगकामातही सवयच राज्य करते. आधी राखाडी, मग पॅनेलच्या रेघांत काळा वॉश, मग गंजाचे खाली ओघळलेले डाग. ओघळ यायला पाऊस लागतो आणि ‘खाली’ अशी दिशा लागते. ग्रहावर उतरणाऱ्या मालवाहू यानावर ते शोभतात. कधीच न उतरणाऱ्या युद्धनौकेवर कशाला?

याला ठसठशीत अपवाद जपानच्या को योकोयामांचा. १९८२पासून ‘हॉबी जपान’ मासिकातून त्यांनी किटच्या तुकड्यांतून जी गोलमटोल लढाऊ यंत्रं घडवली, त्यांत आधी आकार दिसतो, तपशील नंतर. रंग ते बहुधा साध्या कुंचल्यानेच देतात, आणि त्या फटकाऱ्यांनी पत्र्याला वजन येतं. त्यांचे अनुयायी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांनी उचलला तो फक्त कुंचला.

स्पर्धांच्या परीक्षकांना एकच विनंती: यान आधी दहा फुटांवरून बघा, भिंग नंतर काढा.