वाटाघाटीला बसायचं कोणी?

मंडळी, आजचा विषय मॅनेजमेंटच्या वर्गातला आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. कामाच्या ठिकाणचे तंटे आणि ते मिटवण्याच्या वाटाघाटी यांवर विद्यापीठांत कित्येक दशकं पद्धतशीर संशोधन चाललेलं आहे. ते टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्यात एक गृहीतक न तपासता आत शिरलं आहे, आणि गिरणगावाच्या इतिहासाशेजारी ठेवलं की ते उघडं पडतं.

आधी त्या शास्त्राची जमेची बाजू. 1965 साली वॉल्टन आणि मॅकर्सी या दोघांनी कामगार-मालक वाटाघाटींचा सिद्धान्त मांडला. एका बोलणीत चार व्यवहार चालतात, असं ते म्हणतात: आहे ते वाटून घेणं, दोघांच्या फायद्याचं काही शोधणं, एकमेकांविषयीची भावना घडवणं आणि आपल्याच बाजूच्या लोकांची समजूत काढणं. युनियनमध्ये काम केलेल्या कुणालाही हे पटेल. 1981 साली फिशर आणि युरी यांचं ‘गेटिंग टू यस’ आलं. माणूस काय मागतो आणि ते त्याला कशासाठी हवं असतं, यांत फरक करा, हा त्यांचा मुख्य धडा. त्यासाठी ते ग्रंथालयातली एक गोष्ट सांगतात. ती मुळात मेरी पार्कर फॉलेट यांची, 1920 च्या दशकातली. एका वाचकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. एकाला मोकळी हवा पाहिजे, दुसऱ्याला वारा सोसत नाही. मग शेजारच्या खोलीची खिडकी उघडतात आणि भांडण मिटतं.

गोष्ट चांगली आहे. आता ती गिरणीच्या साचेखात्यात नेऊन बघा. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून तिथली हवा दमट ठेवायची आणि खिडक्या बंद. धाग्याला दमटपणा हवा, विणकराला श्वास. इथे शेजारची खोली कोणाच्या मालकीची? आणि खिडकीबद्दल बोलायचा अधिकार विणकराला दिला कोणी? ग्रंथालयातले दोघे बरोबरीचे वाचक होते. फॉलेटबाईंच्या गोष्टीत हे सांगावंही लागत नाही, ते धरूनच चालतात. आम्ही म्हणतो ते गृहीतक हेच.

मुंबईत भांडण नेमकं याच गोष्टीवर झालं. 1938 च्या औद्योगिक कलह विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. 7 नोव्हेंबर 1938 ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संपही झाला. पुढे 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका भागातल्या एका उद्योगात कामगारांच्या वतीने बोलणार एकच प्रातिनिधिक युनियन. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. गुप्त मतदानाने निवड नाही, सभासदसंख्येवरून नोंदणी.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले, ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, आणि हा कायदाच रद्द करा, अशा मागण्या होत्या. आता बघा कशी कोंडी झाली. कायद्याने ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या मागे संपकरी नव्हते, आणि संपकरी ज्यांच्या मागे होते त्यांच्याशी बोलायला कायदा आड येत होता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

फिशर-युरींचा प्रश्न इथे विचारू: कायदा रद्द कशासाठी हवा? उत्तर सोपं आहे. आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्ही ठरवू. पण हा प्रश्न टेबलावर सुटणारा नाही, कारण तो टेबलाशी कोण बसणार याचाच आहे. मराठीत ‘मान्यताप्राप्त युनियन’ म्हणतात. मान्यता म्हणजे कागदावरची नोंद आणि मान्यता म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून मानणं. एका शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, व्यवहारात मात्र त्यांची फारकत झाली.

कोणी म्हणेल, चार युनियन आल्या तर गोंधळ होतो, कराराला अर्थ राहत नाही. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय मतपेटीचा आहे.

दुसरी कल्पना पर्यायाची. बोलणी फिसकटली तर तुमच्या हाती काय उरतं, त्यावर तुमचं बळ ठरतं, असं हे शास्त्र सांगतं. बरोबर. पण पर्याय येतो कुठून? मालकाला भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड करून घेता येत होतं, आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरणीची जमीन विकण्याची वाटही खुली झाली. कामगाराकडे कोकणातली, घाटावरची तुटपुंजी शेती. ही तफावत बोलण्याच्या कौशल्याने भरून निघत नाही.

इथे शीव कोळीवाड्यात हे सांगायला अवघड नाही. कोळणीशी आपण घासाघीस करतो, नाही पटलं तर पुढच्या पाटीकडे जातो. पुस्तकातली वाटाघाट हीच. पण घासाघीस होते कारण ती बाजारात बसलेली आहे. उद्या तिची बसायची जागाच उठवली, तर भावाबद्दलचं सगळं चातुर्य काय कामाचं?

म्हणून आम्हांला दुसऱ्या जातीचं संशोधन मोलाचं वाटतं. व्हान वर्श यांचा 1992 चा संपावरचा अभ्यास घ्या, किंवा मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 2004 मध्ये पुस्तकरूपाने आणलेल्या गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखती. तिथे कामगार स्वतः बोलतो, तो कोणाच्या तक्त्यातली ‘एक बाजू’ राहत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगार मागे असलेली युनियन एकटी वाटाघाट करणार. पण ज्याला कामगारच म्हणत नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात, त्या घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोराची मोजणी कशात होणार? वाटाघाटीच्या वर्गात पहिला तास या प्रश्नाचा ठेवावा, अशी आमची सूचना आहे. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.