साव्वोपुलोसचा ‘मी’

गीताची शब्दसंहिता वेगळी काढून ती कवितेसारखी वाचण्याची समीक्षेची सवय दिओनिसिस साव्वोपुलोस (१९४४–२०२५) या ग्रीक गीतकर्त्याच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. शब्द, चाल आणि गळा एकाच व्यक्तीचा असेल तर ग्रीक भाषा त्या कलावंतास ‘त्रागुदोपिओस’, म्हणजे गाणे घडवणारा, असे म्हणते. ‘कवी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दातही ‘घडवणे’ हाच धातू आहे. मात्र हा घडवणारा आपल्या कृतीमागे अदृश्य होऊ शकत नाही. छापील कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे आपण मान्य केले आहे; गायकाच्या ‘मी’ला मात्र शरीर असते.

थेओदोराकिसने सेफेरिस, एलितिस, रित्सोस यांच्या कविता स्वरबद्ध केल्या. तेथे कवितेला स्वतंत्र अस्तित्व आधीपासूनच होते. थेस्सालोनिकीतील कायद्याचे शिक्षण सोडून १९६३ साली अथेन्सला आलेल्या साव्वोपुलोसने हे श्रमविभाजनच नाकारले. ‘फोर्तिगो’ (मालट्रक) ही त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९६६ची. १९६७च्या लष्करी उठावानंतर त्याला तुरुंगवास घडला. ‘वेड्याची बाग’ (१९६९) आणि रॉक व बाल्कन लोकताल एकत्र आणणारी ‘बालोस’ (१९७१) या हुकूमशाहीच्या काळातील ध्वनिमुद्रिकांनी त्याचा ‘मी’ एका पिढीचा ‘आम्ही’ होऊन बसला. त्याला शाहीर म्हणण्याचा मोह होतो. पण शाहिराला समूहाचे जे पाठबळ गृहीत धरता येते, त्याविषयी साव्वोपुलोस आरंभापासून साशंक होता, असे मला वाटते.

ही शंका सर्वांत स्पष्ट होते ती ॲरिस्टोफेनिसच्या इ. स. पू. ४२५ मधील सुखात्मिकेवर आधारलेल्या ‘अखारनीस’मध्ये (१९७७). हुकूमशाही कोसळून तीन वर्षे झाली होती. अशा वेळी त्याने निवडलेला नायक क्रांतिकारक नाही. डिकायोपोलिस हा युद्धाला कंटाळलेला शेतकरी शत्रूशी स्वतःपुरता खासगी तह करतो आणि युद्धखोर वृद्धसमूहाचा रोष ओढवून घेतो. या सुखात्मिकेत ‘परॅबसिस’ नावाचा भाग असतो. त्यात वृंद कथानक थांबवून कवीच्या वतीने थेट प्रेक्षकांशी बोलतो, प्रसंगी त्यांना खडसावतो.

बारा वर्षांनी ‘केशकर्तन’ ही ध्वनिमुद्रिका आली. लांब केस आणि दाढी काढलेला साव्वोपुलोस त्या काळातील समाजवादी राजवटीवर आणि ग्रीक माणसाच्या आत्मसंतुष्टतेवर टीका करू लागला, तेव्हा डाव्या चाहत्यांपैकी अनेकांनी त्याला पक्षांतर मानले. टीकेतील सारेच मुद्दे टिकणारे नाहीत, काही गीतांत उपहासाची जागा त्राग्याने घेतली आहे, हे मान्य. तरीही ‘द्रोह’ हा निकष येथे वाङ्मयीन नव्हे. ज्या श्रोत्यांनी १९७७ साली डिकायोपोलिसला टाळ्या दिल्या, त्यांनाच १९८९ साली अखारनाईच्या वृद्धांची भूमिका करावी लागली. फरक इतकाच की, या वेळी कवीच्या वतीने बोलायला वृंद नव्हता. तो एकटाच, केस कापून, पुढे आला होता.